फारोचा पेंढा आणि सर्वांना सीसी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफिसातल्या विनोदात बायबल आलं की हटकून छोटा दाविद आणि राक्षसी गल्याथ येतात. नाहीतर बाबेलचा बुरूज आणि एकमेकांची भाषा न कळणारे दोन विभाग. दोन्ही वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. खरी गंमत आकडे आणि बारकावे असलेल्या उताऱ्यांत आहे, पण सांगणारे नेमके तेच गाळतात.

‘पेंढ्याशिवाय विटा’ घ्या. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात इजिप्तचा राजा फारो आपल्या इस्राएली गुलामांना पेंढा वापरू नका असं म्हणतच नाही. आजवर पेंढा पुरवला जायचा, आता तुमचा तुम्ही गोळा करा, विटांचा रोजचा आकडा मात्र तोच, असा त्याचा हुकूम आहे. कच्च्या विटेच्या मातीत पेंढा नसेल तर ती वाळताना तडकते, म्हणजे तो वगळायचीही सोय नाही. लोक देशभर धसकटं वेचत फिरतात, आकडा घसरतो आणि फटके बसतात ते मुकादमांना, जे स्वतः इस्राएलीच असतात. ते फारोकडे दाद मागतात तर ‘तुम्ही आळशी आहात’ हे उत्तर. बाहेर आल्यावर इस्राएलींचे पुढारी मोशे आणि अहरोन भेटतात, मग सगळा राग त्यांच्यावर निघतो. मधल्या फळीतल्या मॅनेजरची अडकित्त्यातली सुपारी कशी होते ते याहून नेमकं कुणी लिहिलेलं नसेल. विनोद पेंढ्यात नाही, मुकादमात आहे.

त्याच पुस्तकाच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला दिसतो. त्याचे सासरे इथ्रो त्याला हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर अधिकारी नेमायला सांगतात. हिशेब करा: हजार माणसांमागे १ + १० + २० + १००, म्हणजे १३१ अधिकारी. ६ लाख पुरुषांसाठी ७८,६००. ही बेरीज तालमूद या ज्यू धर्मग्रंथात फार पूर्वीच करून ठेवली आहे, त्यामुळे पदांच्या उतरंडीला हसणारे आपण पहिले नाही. इथ्रोंचा खरा मोठेपणा अध्यायाच्या शेवटच्या ओळीत आहे. सल्ला दिला आणि ते आपल्या देशी परत गेले. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव नाही, बिलही नाही.

मत्तय या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत पहाटे कामाला आलेल्या मजुरालाही एक दिनार आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यालाही एकच दिनार. विनोद करणारे इथे पगारातल्या अन्यायावर थांबतात. पण भांडण पेटतं ते वाटपाच्या क्रमामुळे. मालक कारभाऱ्याला बजावतो की शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. पहाटेच्यांना आधी पैसे मिळाले असते तर ते ठरलेली मजुरी घेऊन समाधानाने घरी गेले असते. दुसऱ्याची पगारपावती डोळ्यांसमोर नाचली की ठरलेली रक्कमही कमी वाटू लागते.

सर्वांत दुर्लक्षित म्हणजे नहेम्या या पुस्तकाचा ६वा अध्याय. नहेम्याच्या देखरेखीखाली यरुशलेमचा कोट बांधून होत आला आहे, फक्त वेशींना दारं बसायची आहेत, आणि नेमकं तेव्हाच त्याचा विरोधक सनबल्लट ओनोच्या मैदानात भेटायचं निमंत्रण धाडतो. एकदा नव्हे, चारदा. नहेम्याचं चारही वेळा एकच उत्तर: मोठं काम हाती आहे, ते टाकून येता येत नाही. (मीटिंग टाळायला याहून सभ्य वाक्य सापडल्यास जरूर कळवावं.) पाचव्यांदा सनबल्लट मोहोर न लावलेलं उघडं पत्र पाठवतो: तू राजा व्हायला निघाला आहेस अशी बोलवा आहे. मजकूर नहेम्यासाठी, पण वाटेत कुणीही वाचावा अशी व्यवस्था. सर्वांना सीसी करून केलेला हा ईमेलच म्हणायचा. नहेम्या दोन वाक्यांत आरोप नाकारतो आणि कामाला लागतो. कोट ५२ दिवसांत पुरा.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला मात्र ऑफिसात ओढू नये. साहेब म्हणजे देव आणि मी म्हणजे ईयोब, हा विनोद दरवेळी फसतो, कारण ऐकणाऱ्याला तेवढं दुःख पटत नाही. त्याच्या सांत्वनाला आलेले तीन मित्र चालतील: ७ दिवस आणि ७ रात्री गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं.

लांबलेल्या सभेसाठी प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २०. धर्मप्रचारक पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतो आहे, खिडकीत बसलेला युतुख नावाचा मुलगा पेंगतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक त्याला मेला समजून उचलतात, पौल धावत खाली येतो, मुलगा जिवंत निघतो. मग सगळे वर जातात, भाकर मोडतात, आणि पौल उजाडेपर्यंत पुन्हा बोलतो. खिडकी लावून घेतल्याचा उल्लेख नाही.

आपला,
एक वाचक