थेंब तरंगला, मुलगी परत गेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजांतल्या अनेक रक्तदान शिबिरांत मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडून पाहतात. द्रावणाची विशिष्ट घनता १.०५३. थेंब १५ सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात साडेबारा ग्रॅमच्या वर. तरंगला किंवा अर्ध्यातून वर आला, तर दान नाही. परत जाणाऱ्यांत मुली जास्त. ‘मला तर काहीच होत नाही,’ असं त्या म्हणतात आणि ते खोटंही नसतं. रक्त महिनोन् महिने सावकाश उतरलं की शरीर जुळवून घेतं. मग जिना चढतानाची धाप ‘स्टॅमिना नाही’च्या खात्यात जाते, आणि केस गळण्याचं खापर शाम्पूवर फुटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ५७ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची रेष १२ ग्रॅमची, दानाची अट १२.५ ची. म्हणजे परत गेलेली प्रत्येक मुलगी आजारी नसते. पण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन शेवटी उतरतं. म्हणून सीबीसीबरोबर (रक्तपेशींच्या साध्या तपासणीबरोबर) लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासावं.

कारणं रोजच्या दिनक्रमातच आहेत. रात्री दीडपर्यंत मोबाइल, साडेसातच्या लेक्चरला उपाशीपोटी, दहाला चहा-वडापाव, दोनला मेस आणि त्यावर पुन्हा चहा. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं, म्हणून दोन्हींत तासाभराचं अंतर हवं. बीट लाल आहे एवढंच. लोहासाठी मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, अळीव बरे, वर लिंबू पिळून. पाळी सात दिवसांपेक्षा लांबत असेल किंवा पॅड दर एक-दोन तासांनी भिजत असेल, तर नुसत्या आहाराने भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं.

लोहाच्या गोळ्यांचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून आठवड्यात बंद. काळी होणं अपेक्षितच असतं. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. कॅल्शियमच्या गोळीसोबत किंवा दुधासोबत नको. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी साठा भरायला आणखी तीन महिने लागतात, आणि नेमकं तिथेच बहुतेकजणी थांबतात. महिनाभर नियमित घेऊनही आकडा हलला नाही, तर बी-१२ जीवनसत्त्व, थॅलेसेमिया मायनर आणि विदर्भात सिकलसेल (हे दोन्ही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष) तपासून घ्यावं. नुसती गोळी वाढवत राहू नये.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कॉलेजात सहसा पोहोचत नाही. कित्येकींची वर्षभरातली एकमेव रक्ततपासणी या शिबिरातच होते, आणि तिथेही ‘रक्त कमी आहे, पालेभाज्या खा’ एवढंच ऐकायला मिळतं. आयोजकांनी आणि एनएसएसने (राष्ट्रीय सेवा योजनेने) एवढं करावं: परत पाठवताना चिठ्ठी द्यावी. मोरचुदाने आकडा कळत नाही, तेव्हा तरंगलेल्या थेंबाची तपासणी तिथेच डिजिटल मीटरवर करून तो आकडा चिठ्ठीवर लिहावा. जवळच्या सरकारी रुग्णालयाचा ओपीडीचा वार खाली असावा. मुलीच्या संमतीने नाव वहीत नोंदवावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलवावं.

– रक्तपेढी तंत्रज्ञ व आहारतज्ज्ञ, पुणे