अनोळखी प्लाझ्मादात्यास

सप्रेम नमस्कार.

तुम्हांला ताई म्हणावं की दादा, ते मला ठाऊक नाही आणि कळायची सोयही नाही. माझ्याकडे आहे ती फक्त इंजेक्शनच्या खोक्यावरची एक ओळ: मानवी प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवापासून, तयार केलेले. पहिल्या बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी नर्सनं ते टोचलं, तेव्हा मी कुरकुरले होते. बाळ सुखरूप आहे, मी सुखरूप आहे, मग आणखी सुई कशाला? "पुढच्या बाळासाठी," ती म्हणाली. पुढच्या बाळाचा विचार करायची ती वेळ नव्हती, हे कुठल्याही बाळंतिणीला सांगायला नको.

माझा रक्तगट निगेटिव्ह, लेकीचा पॉझिटिव्ह. म्हणजे तिच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाचं एक प्रथिन आहे, माझ्या पेशींवर ते नाही. वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं. आईच्या शरीराला हे डी परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे परक्याला हेरून चिकटणारी प्रथिनं, बनवू लागतं. पहिल्या खेपेला हे काम सावकाश चालतं, म्हणून पहिलं बाळ सहसा सुटतं. पण ओळख पक्की होते. पुढचं बाळही पॉझिटिव्ह असलं, तर अँटीबॉडी झपाट्यानं बनते, वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशींना चिकटते, आणि चिकटलेल्या पेशी बाळाची स्वतःचीच प्लीहा मोडीत काढते. बाळ फिकट पडतं, जन्मल्यावर कावीळ वाढते. कधी पोटातच सूज येऊन दगावतं.

यात वारेचा दोष नाही. आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी बाळाकडे पोचवणं हे तिचं नेमून दिलेलं काम. आईला गोवर होऊन गेला असेल, तर बाळाला पहिले काही महिने गोवरापासून आसरा मिळतो तो ह्याच वाटेनं. कुठली हिताची, कुठली घाताची, हे ती निवडत बसत नाही.

तुमच्या रक्तात डीविरुद्धची अँटीबॉडी आधीच होती. ती त्या इंजेक्शनातून माझ्या अंगात आली आणि लेकीच्या भरकटलेल्या पेशींना चिकटली. माझ्या शरीराला त्या पेशींची ओळख पटायच्या आत त्यांची विल्हेवाट लागली. (नेमकं एवढंच घडतं की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. गुण मात्र येतो.) अँटीबॉडी बनू नये म्हणून अँटीबॉडीच द्यायची, हा उफराटा विचार लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांना १९६० च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचला, आणि १९६८ मध्ये हे औषध वापरात आलं. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते द्यावं लागतं. आईच्या अंगात अँटीबॉडी एकदा बनून गेली की मग त्याचा उपयोग नाही.

हे वाचलं आणि तुम्ही कोण असाल, हा प्रश्न पाठ सोडेना. अशी अँटीबॉडी रक्तात असलेली माणसं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक, निगेटिव्ह रक्तगटाचे स्वयंसेवक; यांना मुद्दाम पॉझिटिव्ह पेशींचा छोटा डोस टोचून ती अँटीबॉडी बनवून घेतात. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन यांचं नाव तर गाजलं. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला. दुसऱ्या, ज्यांच्या शरीरात ती गरोदरपणामुळेच बनली अशा बायका. त्यांतल्या काहींची बाळं तिनंच गेली असतील. जिनं तुमच्या घरातला पाळणा रिकामा ठेवला, तीच अँटीबॉडी तुम्ही बाटलीत भरून दुसऱ्या बाईसाठी दिलीत का? तसं असेल, तर ताई, यापुढे काय लिहावं मला सुचत नाही.

दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर कूम्ब्स तपासणी झाली. आईच्या रक्तात अशी अँटीबॉडी आहे का, हे त्यात पाहतात, आणि गंमत म्हणजे तेही अँटीबॉडीलाच चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीनं. पेशींच्या गुठळ्या झाल्या तर आहे, नाही झाल्या तर नाही. माझ्या नाही झाल्या. अहवालावर 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून इतकं रडू येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या खेपेला तुम्ही दिलेलं आता माझ्या अंगात काहीच उरलेलं नाही. ही अँटीबॉडी सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होते, पुढच्या तीन आठवड्यांत आणखी निम्मी.

आणि हो, डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध एकाच्या नव्हे, अनेकांच्या प्लाझ्मातून करतात. तेव्हा वरचं प्रत्येक 'तुम्ही' आदरार्थी आहे आणि अनेकवचनीही. मुलगाही पॉझिटिव्ह निघाला, त्यामुळे परवा पुन्हा सुई घेतली. हे पत्र दोन्ही खेपांच्या तुम्हां सगळ्यांना.

तुमची,
दोन लेकरांची आई