अशिलांच्या फायली क्लाउडवर टाकण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र पोचलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आणि क्लाउड बॅकअप दोन्ही टाकून घेणार म्हणतोस, आणि पुढे लिहितोस, ‘एवढी मोठी कंपनी, तिला आपल्या फायलींत काय रस?’ ते वाचल्यापासून चैन पडत नाहीये.

२०१४ ची गोष्ट. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतल्या एकाने तिथलं गोपनीय काम घरच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवलं होतं. त्यावर कॅस्परस्की या रशियन कंपनीचा अँटिव्हायरस होता. त्याला एका कॉम्प्रेस केलेल्या फाइलचा संशय आला आणि ती त्याने तपासायला थेट कंपनीकडे पाठवून दिली. आत एनएसएच्या हॅकिंगच्या हत्यारांचा सोर्स कोड, म्हणजे ती ज्यातून बनतात तो मूळ मजकूर! कळताच आम्ही तो पुसून टाकला, असं कंपनी सांगते. खरंही असेल, पण बाहेरच्या माणसाने ते पडताळायचं कसं? आणि प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं नव्हतं बरं का. सगळ्या फायली चाळायच्या, संशयित सापडली की पाठवायची, हेच त्याचं काम.

याच कॅस्परस्कीने २०१९ मध्ये कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये जाहिरातींच्या कोडमधून शिरलेला ट्रोजन, म्हणजे लपून घुसणारा घातक प्रोग्रॅम, शोधून काढला. आपल्याकडे सातबारा काय, आधार काय, कितीतरी लोक त्याच अ‍ॅपने स्कॅन करायचे. तेव्हा कंपनी भली की बुरी, हा प्रश्नच गैरलागू आहे. ज्याच्या आत आपल्याला डोकावता येत नाही, तो प्रोग्रॅम काय वाचू शकतो आणि कुठे पाठवू शकतो, ते बघ.

तुझ्याकडच्या फायली तर अशिलांच्या. कुणाचा घटस्फोट, कुणाचं मृत्युपत्र, भावाभावांतल्या वाटण्या. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने फोडायचं नाही, हे जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १२६ मी तुला सांगायला नको.

बॅकअप जरूर घे, तो हवाच. फक्त क्रिप्टोमेटरसारखं काहीतरी वापर. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि फायली तुझ्याच मशिनवर कुलूपबंद होऊन मग वर जातात. पासवर्ड मात्र कागदावर लिहून तिजोरीत ठेव. हरवला तर कुणीही उघडून देणार नाही. अँटिव्हायरसमध्ये संशयित फायलींचे नमुने आपोआप पाठवण्याची सोय असते, ती बंद कर. विंडोजच्या डिफेंडरमध्येही ती असते. आणि आजच डॉक्युमेंट्सचं फोल्डर उघडून बघ. फाइलच्या नावाशेजारी निळा ढग किंवा हिरवी खूण दिसली, तर ती वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, आधीच गेलेली आहे.

रविवारी साताऱ्याला येतोय. बसून सगळं लावून देतो, तोवर काही इन्स्टॉल करू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल