मिरगाच्या आत शाळेवर वीज हवी

समस्त ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी यांस नमस्कार.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ दापोली तालुक्यात कुणाला सांगायला नको. माड-सुपाऱ्या आडव्या झाल्या, घरांची कौलं-पत्रे उडाले. मुंबईकरांच्या ध्यानात मात्र एकच गोष्ट राहिली असेल, ती म्हणजे गावचा फोन लागत नव्हता. टॉवर जागेवर उभा असूनही मुका होता. वीज गेल्यावर अशा टॉवरची बॅटरी काही तासच पुरते. मग जनरेटरला डिझेल लागतं, आणि डिझेल येणार त्या रस्त्यावर झाडं पडलेली. घरातले मोबाइलही एकेक करून बंद पडले.

टॉवर कंपनीचा, त्याला आपण हात लावू शकत नाही. म्हणून समितीने ठरवलंय की, शाळेच्या स्लॅबवर 2 किलोवॅटची सौर पॅनेल आणि खोलीत 5 युनिटची लिथियम बॅटरी बसवायची. एका युनिटवर साधारण 60 मोबाइल चार्ज होतात. याच बॅटरीवर हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून कुणालाही चालवता येणारा बिनतारी संच चालेल. टॉवर बंद असला तरी निरोप रत्नागिरीला पोचेल. त्याच्या परवान्याच्या परीक्षेला बसणारी दोन मुलं-मुली हवीत. पॅनेलचे सांगाडे नट-बोल्टचे करू, म्हणजे वादळाची सूचना आली की उतरवून आत ठेवता येतील.

आषाढात ऊन कुठलं, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. स्वच्छ उन्हात 8 युनिट देणारी पॅनेल ढगाळ दिवशी चौथा हिस्सा देतील याचीही खात्री नाही. त्यासाठी हायड्रोजनचा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन वायूपासून वीज बनवणारं यंत्र, चांगला: सिलिंडर आधीच भरून ठेवायचा, ऊन-पाऊस बघायचा नाही, धूर नाही, बाहेर पडतं ते पाणी. एक किलो हायड्रोजनपासून 15-16 युनिट वीज मिळू शकते. पण ते यंत्र महाग, गॅस उघड्या हवेशीर जागीच ठेवावा लागतो आणि सिलिंडर भरून आणायचा कुठून, हाही प्रश्नच. आपल्या पैशातून ते घेऊ नये, असं समितीचं मत आहे. कुणी चाकरमानी अशा कंपनीत किंवा इंजिनीअरिंग कॉलेजात असेल, तर एक पावसाळा चाचणीसाठी यंत्र मिळतं का, तेवढं विचारा.

प्रत्येक वाडीने एक पॅनेल उचलावं. वायरमन आणि वेल्डर मंडळींनी पैसे देऊ नयेत, दोन दिवस द्यावेत. अंदाजपत्रक आणि खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही नंबरवर पैसे पाठवू नका. पावती मागून घ्या. मुंबईकरांना ती शिमग्याला आलात की हातात मिळेल.

आपली,
ग्राम आपत्ती व्यवस्थापन समिती