धाकाचा न ऐकू येणारा भाग

संपादक महोदय,

एखादा भीषण गुन्हा घडला की ‘भर चौकात फाशी द्या’ आणि सीमेवर काही झाले की ‘पुन्हा मान वर करणार नाहीत असा धडा शिकवा’ अशी पत्रे या सदरात हमखास येतात. त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे. पण शिक्षा जितकी जबर तितका वचक जास्त, हे त्यांतले गृहीतक मला पटत नाही.

धाक घालणारा समोरच्याला दोन गोष्टी सांगत असतो. ‘केलेस तर भोगशील’ ही पहिली. ती सगळ्यांना ऐकू येते. ‘थांबलास तर तुझ्या केसालाही धक्का लावणार नाही’ ही दुसरी, आणि तीही तितकीच खरी वाटावी लागते. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने अण्वस्त्रांच्या संदर्भात १९६०च्या दशकात हे नेमके मांडले. थांबूनही मार चुकणार नसेल, तर थांबायचे कशाला? मेलेले कोंबडे आगीला भीत नाही.

सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे आणल्यावर ऑक्टोबर १९६२मध्ये उद्भवलेला पेच अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कणखरपणाची गोष्ट म्हणून सांगितला जातो: नौदलाची नाकेबंदी, मग सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची माघार. प्रत्यक्षात २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले, तेव्हा इशाऱ्याबरोबर त्यांनी शब्दही दिला होता. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत हलवू, पण याची वाच्यता नको. क्युबावर आक्रमण करणार नाही, ही हमी तर उघडच होती. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याची घोषणा केली. केवळ या शब्दामुळे ते वळले, असा माझा दावा नाही. पण तुर्कस्तानचा सौदा पुढे कित्येक वर्षे गुपित राहिला आणि जगाने त्या प्रसंगातून फक्त दरडावण्याचा भाग उचलला.

कायद्यातही हेच. फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू यांनी १७४८मध्येच बजावले होते की, दरोड्याला आणि खुनाला एकच शिक्षा ठेवाल तर दरोडेखोर लुटून झाल्यावर खूनही करील. मेलेला माणूस साक्ष देत नाही. ज्या गुन्ह्यात पीडित व्यक्ती हीच एकमेव साक्षीदार असते, तिथे सरसकट फाशी मागणाऱ्यांनी याचा विचार केला आहे का? गुन्हेगाराला जिथे थांबता येईल अशी एक पायरी कायद्याने शिल्लक ठेवायलाच हवी, आणि त्यात गुन्हेगारावर दया करण्याचा प्रश्नच नाही.

इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४मध्ये मांडलेला मुद्दा परिचित आहे: शिक्षा किती कठोर यापेक्षा ती नक्की आणि लवकर होईल का, याचा धाक मोठा. ब्रिटनने १९६७मध्ये मद्यपी चालकांची श्वासचाचणी सुरू केली, तेव्हा अपघातांतील जीवितहानी लगेच घटली, आणि सर्वाधिक घटली ती आठवडाअखेरच्या रात्री. पुढे हा परिणाम ओसरला. कायदा तोच होता, शिक्षाही तीच होती. पण पकडले जाण्याची शक्यता आपल्याला वाटली तितकी नाही, हे हळूहळू चालकांच्या लक्षात आले.

अर्थात दोन्हीकडचा हिशेब सारखा नाही. कायद्याचा धाक रोज कुठे ना कुठे फसतो, तरी समाज चालू राहतो. अण्वस्त्रांचा धाक एकदाही फसून चालत नाही. म्हणूनच तिथे धाकाच्या दुसऱ्या, हमीच्या भागाकडे अधिक लक्ष द्यायला हवे; १९६३मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची ‘हॉटलाइन’ सुरू झाली, ती याच जाणिवेतून.

आपल्या दैनिकाला एक विनंती. शिक्षेच्या बातमीत ‘फाशी’ किंवा ‘जन्मठेप’ हे शब्द ठळक छापता, तिथेच गुन्हा घडल्यापासून निकालापर्यंत किती काळ गेला, हेही छापत जा. आणि तशाच किती गुन्ह्यांत आरोपी अजून सापडलेलाच नाही, याचा आकडा मिळाला तर तोही शेजारी द्या.

– एक वाचक