चार्जरमध्ये फ्यूज बसवणाऱ्या वायरमनकाकांना

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "बरं बरं, तो पक्कड दे इकडं" म्हणून विषय मोडणार. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

ऊसतोडीचा हंगाम, बॅटरी उतरलेले तीन ट्रॅक्टर दारात उभे, आणि नेमका त्याच दिवशी गॅरेजातला चार्जर धुपला. पोऱ्यानं बॅटरीला क्लिपा उलट्या, प्लसची मायनसला, लावल्या होत्या. मी त्याच्यावर खेकसत होतो. तुम्ही चार्जर उघडलात आणि मलाच विचारलंत, "ह्यात फ्यूज कुठाय?" मी भिंतीवरच्या बोर्डाकडं बोट दाखवलं. १६ अँपिअरचा एमसीबी, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, आहे की!

इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, पण एमसीबी भिंतीतल्या वायरीची राखण करतो, तिला जोडलेल्या यंत्राची नाही, हे त्या दिवशी कळलं. क्लिपा उलट्या लागल्या की बॅटरीच चार्जरमधल्या डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागातून, शेकड्यानं अँपिअर सोडते. डायोड शॉर्ट होतात, आणि मग ट्रान्सफॉर्मर त्या शॉर्टला वीज पुरवत बसतो. आपला चार्जर २३० व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर ओढतो. शॉर्ट झाल्यावर पाच-सहा ओढले असतील. एमसीबीच्या लेखी ते काहीच नाही. तो गप्प, इकडं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, जळतंय.

वाइंडिंग भरून आलं, डायोड बदलले, सिरीज बल्बवर, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, तपासून झालं, तरी तुम्ही चार्जर सोडेनात. का, तर फ्यूजचा होल्डर मिळाला नाही! खरं सांगतो, मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी मीच बाजारातून होल्डर आणला, सोबत दीड अँपिअरचा काचेचा फ्यूज. बटण दाबताक्षणी तो उडाला. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर मोठा घोट घेतो, त्याला सावकाश उडणारा, 'टी' छापलेला फ्यूज लागतो. तुम्हाला हे आधीच दिसलं होतं. मला कळावं म्हणून बटण दाबू दिलंत ना?

होल्डर फेजवरच. न्यूट्रलवर बसवला तर फ्यूज उडून यंत्र बंद पडतं, पण आत करंट राहतोच. येणारी फेज होल्डरच्या मागच्या टोकाला, म्हणजे टोपण काढलं तरी बोट जिवंत टोकाला लागत नाही. आणि क्लिपेजवळ गाडीतला निळा, १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, कारण तिकडून बॅटरी मारते. "शॉकपासून हा वाचवणार नाही हं, त्याला आरसीसीबी बसव," हेही बजावलंत. करंट गळला की वीज तोडणारा तो खटकाही बसवलाय.

एक कबुली राहिली. आमच्या जुन्या किटकॅटमध्ये, म्हणजे चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, फ्यूज वायरच्या जागी तांब्याच्या चार तारा पिळून घातल्या होत्या, त्या मीच. तुम्ही त्या काढून खिशात टाकल्यात आणि एक शब्द बोलला नाहीत.

गेल्या आठवड्यात पोऱ्यानं पुन्हा क्लिपा उलट्या लावल्या. 'टप्' झालं, निळा फ्यूज गेला, डायोड शाबूत. झाकणात चिकटवून ठेवलेल्या तिघांतला एक त्यानं स्वतः बदलला, मला न सांगता. झाकणात दोनच दिसले तेव्हा समजलं.

ग्राइंडरही तसाच आहे, आत फ्यूज नाही. रविवारी घेऊन येतो. होल्डर या वेळी बरोबर आणतो, फ्यूज मात्र तुम्हीच सांगा.

तुमचा,
गॅरेजवाला