अलॉयचे नट सारखे ढिले होत असतील तर नुसते आवळत बसू नका

मा. संपादक,

दसरा दिवाळीला अलॉय व्हील बसवून घेणाऱ्यांची गर्दी असते आणि मग काही दिवसांतच आमच्या गॅरेजला गाड्या यायला लागतात, की चाकातून ठकठक आवाज येतोय, स्टिअरिंग थरथरतंय, नट आवळले तरी परत ढिले होतायत. दुकानवाला सांगतो अजून आवळा. पण एकदा नीट आवळलेला नट परत परत ढिला होत असेल तर आवळून तो प्रश्न सुटत नाही, काहीतरी जुळत नाहीये हे ओळखा. हा चाक निखळायचा मामला आहे म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी नट काढून त्याचं तोंड बघा. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशाचा निमुळता नट लागतो, होंडाच्या कंपनी चाकांना गोल तोंडाचा, टोयोटाच्या बऱ्याच कंपनी अलॉयना सपाट वॉशरवाला. जुनेच नट नवीन चाकाला लावले आणि तोंड जुळलं नाही तर नट कडेवर कुठेतरी टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण गाडी खड्ड्यातून गेली की तेवढीशी कड झिजते आणि दाब गेला. चाक धरून ठेवतो तो हा दाबच, स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) बोल्ट, किंचित ताणला जाऊन तो तयार होतो. चाकाच्या भोकात नट बसायच्या जागेवर रंगाचा जाड थर असेल तरी हेच, रंग दबतो आणि नट सैल.

मग आटे बघा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना १२ मिमी स्टड आणि १.२५ चा आटा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी), ह्युंदाई, होंडा, टोयोटाला बहुतेक १२ मिमी आणि १.५ चा. दोन्ही दिसायला सारखेच, चुकीचा नट एक दोन फेरे जातो, पुढे अडला की पोरगं एअर गन लावून घुसवतं आणि आट्यांची वाट लागते. म्हणून नट आधी हाताने फिरवायचा, निदान सात आठ फेरे सहज जायला पाहिजेत. बंद टोपीचे नट असतील तर स्टड आत टोपीला टेकतोय का तेही बघा, टेकला तर नट घट्ट वाटेल पण चाक मोकळंच. हबवर गंज, माती असेल तर ब्रशने घासून काढा. आणि एकाच चाकाला १०० आणि १०८ मिमी अशी दोन्ही पीसीडीची (नटांच्या भोकांच्या मधोमध जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाची) भोकं असतात तिथे आपल्या गाडीचीच भोकं वापरली का, हे विचारा.

आवळायचं ते समोरासमोरचे नट धरून, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणाऱ्या पान्याने. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने तोच आकडा लावूनही स्टड जास्त ताणला जातो. चाक बसवल्यावर ५० ते १०० किमीला परत तपासायचं. भोक लांबट झालं असेल तर ते चाक वापरूच नका, आणि त्या चाकाचे स्टडही बदला.

अजून एक, स्टेपनी बहुतेक वेळा लोखंडीच असते, तिला जुनेच नट लागतात, ते डिकीत ठेवा. दुकानात टाकून येणारे खूप आहेत आणि मग हायवेवर पंक्चर झालं की अलॉयचे नट लोखंडी चाकाला लावतात.

माझी मागणी एवढीच आहे, अलॉय विकणाऱ्याने बिलावर नटाचा प्रकार, आटा आणि किती टॉर्कने आवळलं ते लिहून द्यावं आणि १०० किमीनंतरची तपासणी फुकट करून द्यावी. टॉर्क रेंच काही फार महाग हत्यार नाही, चाकांचा सेट विकणाऱ्या दुकानात ते नसणं मला पटत नाही. आरटीओनेही याकडे लक्ष द्यावं.

आपला,
एक गॅरेजवाला, पुणे जिल्हा